ती धावते, मी सोबत जातो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका सभासदांनी केलेलं भाषण. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रम समितीनं मला सांगितलं, "तुम्ही मुंबई मॅरेथॉनवर बोला." मी म्हटलं, अहो, धावली ती, मी कुठं धावलो? तर समितीवाले म्हणाले, "आम्ही आधी वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, धावायचं असेल तर मला सांगा, बोलायचं असेल तर यांना सांगा." आमच्या घरातली कामाची वाटणी एवढ्यावरून तुमच्या लक्षात आलीच असेल.

तेव्हा मी मॅरेथॉन कशी धावावी हे सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. धावणाऱ्या माणसाबरोबर जाणाऱ्याला काय काम असतं, ते सांगणार आहे. लोकांना वाटतं, सोबत जाणारा म्हणजे पिशवी धरणारा. पिशवी धरावी लागतेच, ते खोटं नाही. पण त्या पिशवीखेरीज आणखीही पुष्कळ काही सांभाळावं लागतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्यापैकी निम्मी घरं फॅक्टरीची. १९६४ पासून आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा आणि आपल्या घरातला कुकर यांची वेळ जुळलेली. माझी सगळी नोकरी तिथंच झाली. २०२१ साली फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेली आणि पुढच्या वर्षी मी घरी आलो. तोपर्यंत फर्स्ट शिफ्ट असो की नाईट, माझा डबा, माझा गणवेश, माझी झोप, हे सगळं हिनं सांभाळलं. मी झोपलोय म्हणून दुपारी पोरांना गप्प बसवणं, हीसुद्धा एक ड्युटीच होती. तिची हजेरी कुठल्याच रजिस्टरला लागली नाही.

तिचं चालणं सुरू झालं ते शुगरमुळं. रिपोर्ट काठावर आला. डॉक्टर म्हणाले, गोळी नको असेल तर रोज चाला. ती चालायला लागली. आधी सोसायटीच्या आवारात, मग फॅक्टरी इस्टेटच्या रस्त्यानं, मग हतनूर धरणाच्या रस्त्यानं. वर्षभरानं एक दिवस घरी येऊन म्हणाली, "अहो, आज दोन खांबांच्या मधलं अंतर पळाले." पुढच्या आठवड्यात चार खांब. खांब वाढत गेले.

आता गाव म्हटलं की बोलणं आलंच. पन्नाशीची बाई, पायात बूट, अंगात ट्रॅकपँट, पहाटे पाचला रस्त्यावर. एका आजींनी तिला थांबवून विचारलं, "काहाले पयते वं माय? कोनी मांगं लागलं का?" त्या आजी आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मुंबईहून आल्यावर पहिला नारळ त्यांनीच हिच्या हातात दिला, हेही सांगतो.

पण हे बोलणं फक्त वरणगावात होतं असं समजू नका. अमेरिकेत बॉस्टनला १८९७ पासून मॅरेथॉन होते. तिथं बायकांना अधिकृतपणे धावायला मिळालं १९७२ साली, म्हणजे पाऊणशे वर्षांनी! त्याआधी १९६६ मध्ये बॉबी गिब नावाची मुलगी नंबर नसतानाच झुडपातून बाहेर येऊन गर्दीत शिरली आणि पूर्ण धावली. तिला सुरुवातीच्या गावापर्यंत गाडीनं कुणी नेऊन सोडलं? तिच्या आईनं. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर हिनं नावाची नुसती आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला. धावता धावता शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून आला आणि नंबर ओढायला लागला. सोबत धावणाऱ्या तिच्या मित्रानं त्या अधिकाऱ्याला खांद्यानं बाजूला लोटलं. तो फोटो जगभर गाजला. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढंच. मित्रानं धक्का दिला एकदाच. शेवटच्या रेषेपर्यंतचं अंतर मात्र तिचं तिलाच कापावं लागलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती तर १९८४ मध्ये.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बारामतीजवळच्या लताबाई करे. मूळच्या आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी बारामतीच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. कशासाठी? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. २०२० साली त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. मी जेव्हा जेव्हा ही गोष्ट ऐकतो, तेव्हा मला घरी वाट पाहणारा तो आजारी माणूस आठवतो. धावणारा एकटा कधीच नसतो, मंडळी. कुणीतरी कुठंतरी त्याची वाट पाहत असतं.

तर २०२२ च्या हिवाळ्यात जळगावच्या 'खान्देश रन'मध्ये हिनं एकवीस किलोमीटर केले. दोन तास पंचेचाळीस मिनिटं. आणि मग तिच्या डोक्यात मुंबई शिरली. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. २००४ मध्ये सुरू झाली. पूर्ण अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर. हा हिशोब १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरला आणि पुढं तोच जगानं धरला. आपल्या भाषेत सांगायचं तर, वरणगावहून जळगावच्या अंगाला निघावं आणि जळगाव जवळ आलं तरी पायांनीच चालू असावं. एस.टी.त बसूनही आपण त्या रस्त्याला कंटाळतो.

मुंबईला नुसते पैसे भरून पूर्ण मॅरेथॉनला घेत नाहीत. आधीच्या शर्यतीची अधिकृत वेळ द्यावी लागते. ती दिली. नाव पक्कं झालं. आणि माझी ड्युटी सुरू झाली.

सोबत जाणाऱ्याचं पहिलं काम घरीच असतं, चार-पाच महिने आधीपासून. रविवारी लांब पल्ला. पहाटे साडेचारला ही पुढं, मी मागं स्कूटीवर, डिक्कीत पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर-लिंबू, आणि हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी. दुतर्फा केळीच्या बागा, अंधारात पानांची सळसळ, आणि हायवेच्या जवळ आलं की केळीचे ट्रक. स्कूटी ताशी सात-आठ किलोमीटरच्या वेगानं चालवून बघा कधीतरी. तोल सांभाळता सांभाळता हाताला रग लागते. तीस किलोमीटरच्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही दमलात का?" मी खरं ते सांगितलं, हो.

दुसरं काम दवाखान्याचं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्त, सगळं करून घेतलं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. पण एक गोष्ट नीट समजावून सांगितली, ती इथं सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आपलं ऊन कोरडं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो, पण घाम वाळतो आणि अंग थंड होतं. मुंबईत हवेत ओल. घाम निथळतो पण वाळत नाही, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दुसरं म्हणजे, घामाबरोबर मीठ जातं. अशा वेळी माणूस घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिला, तर रक्तातलं सोडियम आणखी कमी होतं. डोकं भणभणतं, मळमळतं, बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बरळतो. तहान लागेल तेवढं प्यायचं, आणि पाण्याबरोबर मीठही पोटात गेलं पाहिजे. आणि साधारण तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अंगात साठवलेली साखर संपत येते. धावणारे त्याला 'भिंत' म्हणतात. पाय उचलतच नाही.

हे ऐकल्यावर मी फॅक्टरीच्या सवयीनं एक नियम केला. दारूगोळ्याच्या कामात अंदाज चालत नाही, ठरलेली पद्धत चालते. आम्ही दोघं देवघरासमोर बसून बोललो. धावायचं की थांबायचं, हे ती ठरवणार. मी वाटेत "पुरे आता" म्हणायचं नाही. पण भेटीच्या जागी मी तीन प्रश्न विचारणार. आपला घर नंबर काय? आज वार कोणता, किती वाजले असतील? आणि शंभरातून सात वजा करत जा. यातल्या एकाही उत्तराला ती अडखळली, तर निर्णय माझा. मग तिनं कुरकुर करायची नाही. ती म्हणाली, "मंजूर. पण पाढे विचारायचे नाहीत."

शुक्रवारी रात्री भुसावळहून अमरावती-मुंबई एक्सप्रेस पकडली. पिशवी माझ्याकडे. पिशवीत काय काय होतं? कोरडे कपडे, चपला, टॉवेल, व्हॅसलीन, सेफ्टी पिना, शेंगदाणा-गुळाचे लाडू, ओआरएसची पाकिटं, ओळखपत्राच्या प्रती, आणि एका कागदावर सगळे फोन नंबर. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. शनिवारी सकाळी मुंबईत उतरलो, डोंबिवलीला मेव्हणीकडे सामान टाकलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन हिचा छातीवर लावायचा नंबर घेतला. त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन लिहायची जागा असते. तिनं माझा नंबर लिहिला. तेवढा एक कागद पाहून माझ्या पोटात गोळा आला. गर्दीत बायकोच्या पाठीशी मी नसणार, नुसता माझा नंबर असणार.

रात्री मेव्हणीनं खास खान्देशी बेत ठरवला होता. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. मी हात जोडून सांगितलं, बाई, हे सगळं उद्या रात्री. आज साधा वरण-भात. वरणगावची माणसं शेवटी वरण-भातावरच धावली! ठेच्याचा वास मात्र मी घेतला.

मॅरेथॉनच्या दिवशी मध्य रेल्वे कल्याणहून पहाटे तीनला खास लोकल सोडते. डोंबिवलीला आम्ही ती पकडली. आत बघतो तर पूर्ण डबा धावणाऱ्यांचा. कुणी केळं खातंय, कुणी गुडघ्याला पट्टी लावतंय, कुणी डोळे मिटून बसलंय. आणि प्रत्येक दोन-तीन माणसांमागं एक माझ्यासारखा, मांडीवर पिशवी घेतलेला. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. ओळख नाही, पाळख नाही, पण समजलं.

सीएसएमटीला पाचच्या सुमारास ती गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली. आता माझी शर्यत.

रस्ते बंद असतात, टॅक्सी मिळत नाही. सोबत्याला लोकल आणि पाय हेच वाहन. मी आदल्या दिवशीच कागदावर आराखडा केला होता. सीएसएमटीहून चालत चर्चगेट. तिथून पश्चिम रेल्वेनं माहीम. तिथं सव्वाआठला पहिली भेट. मग परत लोकलनं ग्रँट रोड, तिथून चालत केम्प्स कॉर्नर. तिथं दहा-सव्वादहाला दुसरी भेट. मग पुन्हा लोकलनं चर्चगेट आणि शेवटची रेषा. तिचा रस्ता मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी-लिंकवरून वांद्रे, तिथून माहीम, आणि तसंच दक्षिणेला परत.

माहीमला ती वेळेवर आली. हसत आली. मी लाडू दिला, तिनं अर्धा खाल्ला, अर्धा मला परत दिला. तीन प्रश्न झाले, तिन्ही बरोबर. "पुढं या," म्हणाली आणि गेली.

केम्प्स कॉर्नरला मी पावणेदहालाच पोचलो. पेडर रोडचा चढ तिथं जवळच. आपल्याला वाटतं, मुंबईत कसला चढ? पण छत्तिसाव्या किलोमीटरच्या पुढंमागं तो येतो, म्हणून तो डोंगर होतो. तिथली माणसं मात्र मी विसरणार नाही. फुटपाथवर घरच्या खुर्च्या टाकून बसलेले आजी-आजोबा, संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं, थंड पाण्यात भिजवलेले रुमाल. ओळखीपाळखीचं कुणी नाही, पण छातीवरचं नाव वाचून हाक मारतात. एका लहान मुलीनं हातात ताट धरलं होतं आणि प्रत्येकाला सांगत होती, "आता थोडंच राहिलं." तिला किलोमीटर काय माहीत? पण तिच्याकडे बघून माणसं हसायची.

सव्वादहा वाजले. ती आली नाही. दहा पंचवीस. ऊन तापायला लागलं. एक अँब्युलन्स गेली. शेजारी कुणीतरी म्हणालं, तिकडं हाजी अलीजवळ एक जण कोसळला. मी फोन लावला, लागला नाही. तिच्याकडे फोन नव्हताच, ते मला ठाऊक होतं, तरी लावला. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, अ‍ॅपवर आईची वेळ पुढं सरकत नाहीये. ती आली की थांबवा. मेडल नको आपल्याला." छातीवरच्या नंबरात चिप असते, वाटेतल्या चटईवरून गेलं की वेळ नोंदवली जाते. शेवटची नोंद होऊन बराच वेळ झाला होता. मी मुलाला म्हटलं, "ठीक आहे, बघतो." बघण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. त्या अर्ध्या तासात मला कळलं, नाईट शिफ्टला मी गेलो आणि रेडिओवर कुठल्याही कारखान्यातल्या स्फोटाची बातमी आली, की ही घरात काय करत असेल. मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

दहा चाळीसला ती दिसली. चालत होती. एक पाय ओढत होती. पोटरीत गोळा आला होता, वाटेतल्या मदत केंद्रात बर्फ लावून घेतला म्हणून उशीर. ओठ सुकलेले, चेहऱ्यावर मिठाची पांढरी रेघ. मंडळी, खरं सांगतो, माझ्या तोंडात एकच वाक्य होतं, "चल घरी." ते मी गिळलं आणि विचारलं, "आपला घर नंबर?" तिनं सांगितला. "वार?" "रविवार. आणि दहा वाजून गेलेत, तुमचा चेहरा सांगतोय." "शंभरातून सात?" "त्र्याण्णव." "पुढं?" "शहाऐंशी. त्याच्या पुढचं मला घरीसुद्धा येत नाही, आणि आता विचाराल तर मी इथंच बसेन!"

शेजारचे आजोबा जोरात हसले. डोकं जागेवर होतं. मळमळ नव्हती, छातीत काही नव्हतं. मी ओआरएसचं पाकीट दिलं. तिनं हळूहळू प्यायलं, आजींकडून चिमूटभर मीठ घेतलं. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." ती म्हणाली, "सहा किलोमीटर राहिलेत. आपल्या घरापासून हायवेपर्यंत तीन चकरा. मी चालत जाते, पण जाते." आणि गेली.

मुलाला मी फोन केला. म्हटलं, आई पुढं गेली. तो चिडला. मी सांगितलं, नियम ठरला होता, तिनं पाळला, मग मीही पाळला पाहिजे.

सहा तास सव्वीस मिनिटांनी तिनं रेषा ओलांडली. त्याच दिवशी, २१ जानेवारी २०२४ ला, इथिओपियाच्या हायले लेमी यानं तेच अंतर दोन तास आठ मिनिटांच्या आत संपवून पहिला नंबर घेतला होता. मी हिला म्हटलं, "तो तुझ्या तिप्पट वेगानं धावला." ती म्हणाली, "मग मी त्याच्या तिप्पट वेळ धावले की!" यावर मी काय बोलणार?

मेडल घातलेल्या माणसाला लगेच बसू द्यायचं नसतं, हळूहळू चालवत ठेवायचं असतं. कोरडे कपडे, चपला, थोडं खाणं. त्या वेळी पिशवीची खरी किंमत कळते. सबवेच्या पायऱ्या उतरताना सगळे मेडलवाले कठडा धरून उलटे उतरत होते, लहान मुलं उतरतात तसे. तीही तशीच उतरली, माझा खांदा धरून.

संध्याकाळी डोंबिवलीला टीव्हीवर बातमी आली. त्या दिवशी मॅरेथॉनमध्ये दोन धावणाऱ्यांचा मृत्यू झाला. त्यातले एक चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. घरात एकदम शांतता झाली. मेव्हणीनं ताटं वाढली होती, शेवभाजी होती, पण पहिला घास कुणी घेतला नाही. त्यांच्याबरोबरही कुणी आलं असेल. कुणीतरी घड्याळ बघत उभं असेल. हे मी आज आनंदाच्या कार्यक्रमात मुद्दाम सांगतो, कारण धावणं म्हणजे नुसतं मेडल आणि सेल्फी नाही. ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी जरूर करावं, पण डॉक्टरांना विचारून, हळूहळू, आणि कुणाला तरी सोबत घेऊन.

मला लोक विचारतात, तुम्ही तिला जाऊ कसं दिलं? या प्रश्नातलं 'जाऊ दिलं' मला पटत नाही. जाऊ द्यायला ती माझी नव्हती, ती तिची होती. माझं काम ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी उभं राहायचं होतं. डोळे उघडे ठेवून बघायचं, गरज असेल तिथं ठामपणे थांबवायचं, आणि गरज नसेल तिथं आपली भीती आपल्याजवळ ठेवायची. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

आपल्याला हे नवीन आहे का? नाही. आपल्या शेजारी कोथळीहून मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते. महिनाभराची वाट, वारीतल्या सगळ्यात लांबच्या वाटांपैकी एक. चालणारे वारकरी आपल्याला दिसतात. पण पुढं टेम्पोनं जाऊन मुक्कामी चूल पेटवणारे, पाण्याचा टँकर आणणारे, कुणाच्या पायाला फोड आला तर तेल लावणारे, तेही वारीतच असतात. त्यांना कुणी माळ घालत नाही, पण त्यांच्याशिवाय पालखी पंढरपूरला पोचत नाही.

आपली सोसायटीही पंचवीस वर्षं अशाच लोकांवर चालली आहे. बोअरची मोटर जळाली की रात्री टॉर्च धरणारे, कुणाला भुसावळच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी काढणारे, मुलांना परीक्षेला सोडून बाहेर झाडाखाली तीन तास बसणारे. या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांचे फोटो येतील, यावेत. पण सोबत जाणाऱ्यांची यादी केली तर ती याहून मोठी होईल.

जाता जाता संचालक मंडळाला दोन विनंत्या. एक, पहाटे चालायला-पळायला जाणाऱ्या बायका आता आठ झाल्या आहेत. गेटबाहेरचे दिवे पहाटे पाचलाच बंद होतात, ते सहापर्यंत चालू ठेवावेत. विजेचं बिल किती वाढेल, तो हिशोब मी काढून आणला आहे, सेक्रेटरीसाहेबांना देतो. दोन, नोटीस बोर्डावर एक कोरा कागद लावावा. ज्याला कुठं जायचं आहे, दवाखान्यात, शर्यतीला, मुलाखतीला, आणि घरात सोबत यायला कुणी नाही, त्यानं आपलं नाव आणि तारीख लिहावी. शेजारी सोबत जाणाऱ्यानं आपलं नाव लिहावं. पहिलं नाव माझं लिहा. मी रिटायर माणूस आहे, पिशवी तयार असते.

आणि हो, आमच्या सौ. आता पुढच्या शर्यतीचं बघत आहेत. कुठली, ते मला अजून सांगितलेलं नाही. फक्त परवा विचारत होत्या, "अहो, तुम्हाला थंडी कितपत सोसते?"